दोन थापट्या

१

युकॉनमधल्या ज्या गावात डांबरी सडक संपते, तिथं ऑर्व्हिल टॅगर्टचं दुकान होतं. खिळे, गमबूट, कॉफी, मासे धरायचे गळ, अस्वलाच्या तोंडावर मारायचा तिखटाचा फवारा, सगळं एका छपराखाली. आणि उन्हाळा आला की हाच ऑर्व्हिल शहरातल्या पाहुण्यांना रबरी तराफ्यांवर बसवून स्टोनबोट नदीनं खाली न्यायचा. नदीकाठी ना घर, ना रस्ता. विमान वरच्या तळ्यावर सोडतं आणि दोन आठवड्यांनी खालच्या वाळूवरून उचलतं. मधल्या काळात माणूस आहे आणि पाणी आहे.

हा धंदा त्याला कुणी शिकवला नव्हता. दुकानदारीतून एकच गोष्ट तो शिकून आला होता: गिऱ्हाईक माल घेत नाही, भरवसा घेतं. फुटक्या कपाची कॉफी हसून दिली तर खपते, आणि चिनी मातीतली चाचरत दिली तर परत येते. तेच नदीवर. नावाड्याच्या कपाळावर आठी दिसली की तराफ्यातल्या सगळ्यांचं पोट बिघडतं.

नदीवर तोंडाचं काही चालत नाही. खळाळापुढं ओरडणं म्हणजे नगाऱ्यापुढं चुटकी. सगळा कारभार खुणांचा. वल्हं उभं धरलं, किंवा एक हात सरळ वर केला, की ‘या’. वल्हं आडवं, किंवा दोन्ही हात आडवे पसरले, की ‘थांबा’. एकच हात वर करून हलवला की ‘मदत, बोट घेऊन धावा’. आणि डोक्यावर थापटी मारली की ‘ठीक?’ समोरच्यानं तशीच मारली की ‘ठीक.’ प्रश्नही तोच, उत्तरही तेच.

इतर नावाडी एक थापटी मारतात. ऑर्व्हिलच्या माणसांना दोन मारायला लागायच्या, आणि नंतर हात डोक्यावरच ठेवायला लागायचा. याला कारण डास. कुणा दुसऱ्याच्या सफरीत एक पाहुणा पाय मोडून काठावर पडला होता आणि टकलावरचे डास मारत होता. पलीकडून त्याचे सोबती प्रत्येक थापटीला आनंदानं उत्तर देत राहिले. ऑर्व्हिल हा किस्सा पहिल्या संध्याकाळी सांगायचा, आणि हमखास हशा घ्यायचा.

दुसरा किस्सा तो फक्त नावाड्यांना सांगायचा. पाण्यातून निघालेला एक माणूस खडकावर बसून बोटीकडं बघत होता. बोटीतल्यांनी केली खूण, त्यानं दिलं नाही उत्तर. बसलाय की छान, म्हणाले, आणि पुढं गेले. तो छान नव्हता. थंडीनं बसल्या जागी गोठला होता. म्हणून ऑर्व्हिलचा नियम असा: उत्तर आलं नाही, तर बोट बांधायची, काठाकाठानं चालत जायचं, आणि त्या माणसाला हात लावल्याशिवाय काही खरं धरायचं नाही.

त्या वर्षी त्याची मुलगी ब्रिन पहिल्यांदाच पाहुण्यांचा तराफा वल्हवणार होती. आई गेल्यापासून घरात ती आणि तो, दोघंच. सामानाचा तराफा घेऊन ऑर्व्हिल पुढं, माणसं घेऊन ब्रिन मागं, असं ठरलं. पाहुणे तिघं: हॅनोव्हरचे ड्रेसेल नवराबायको, आणि पक्षी बघायच्या नादानं जग पालथं घातलेल्या मिस पॅजेट, ज्यांची दुर्बीण झोपतानाच काय ती गळ्यातून निघायची.

तळ्यावर सामान उतरवून झाल्यावर विमानवाला मर्ल म्हणाला, “या वर्षी तुझ्याआधी कुणालाच सोडलं नाही बघ. अख्खी नदी तुझ्या बापाची.”

“माझ्या बापानं खडू विकले जन्मभर,” ऑर्व्हिल म्हणाला. “नदी माझ्या मुलीची.”

“बाबा, पुरे,” ब्रिन म्हणाली. तिचे कान लाल झाले होते.

२

पहिले काही दिवस दृष्ट लागावी असे गेले. पाणी भरपूर. दुपारी ग्रेलिंग मासे, संध्याकाळी तव्यावरची बॅनक रोटी. तिथं उन्हाळ्यात अंधार असा पडतच नाही, त्यामुळं भीतीला लपायलाही जागा नसते, असं ऑर्व्हिल पाहुण्यांना म्हणायचा.

एका सकाळी तो तराफ्यात उभा राहून गोण्या आवळत होता. पाण्यावर धुकं होतं. पलीकडच्या काठावर, विलोच्या झुडपांपुढं, लाल जॅकेट घातलेलं कुणीतरी उभं दिसलं. त्यानं डावा हात उचलला, डोक्यावर दोन थापट्या मारल्या, आणि हात तिथंच ठेवला.

ऑर्व्हिलचा हात आपोआप वर गेला. दोन थापट्या. ठीक.

मग तो गोणी आवळायला वाकला, गाठ मारली, आणि गाठीवर बोट ठेवून तसाच थांबला. मागं ब्रिन कॉफीच्या किटलीवर फुंकर घालत होती. ड्रेसेल नवराबायको तंबूच्या काठ्या कुणी वाकवल्या यावर भांडत होते. मिस पॅजेट दात घासत होत्या. सगळे या काठावर होते.

त्यानं मान वर केली. पलीकडं झुडपं हलत होती, आणि वारा नव्हता.

शिकारी असेल, त्यानं मनाची समजूत घातली. कुणी आपली होडी घेऊन एकटा उतरला असेल. जगात वेड्यांना तोटा नाही. जॅकेट? मागच्या वर्षी दुकानातली जुनी लाल जॅकेटं, आत्ता त्याच्या अंगावर होतं तसलीच, त्यानं सेलमध्ये काढली होती, हातोहात गेली होती. दोन थापट्या? त्याच्याकडं काम करून गेलेले नावाडी काय कमी होते? हिशेब जमला. जमलेल्या हिशेबावर दुकानदाराला बरं वाटायला हवं. त्याला वाटलं नाही.

३

त्यानंतर तो माणूस रोज दिसायला लागला. नेहमी पलीकडच्या काठावर, नेहमी त्यांच्या पुढं. तराफा वळणावरून बाहेर आला की तो आधीच तिथं उभा. दोन थापट्या. ऑर्व्हिल उत्तर द्यायचा, आणि वळण मागं पडायचं. एवढंच. काही वाईट घडत नव्हतं.

मिस पॅजेटनी जेवताना विषय काढलाच. “ऑर्व्हिल, तुमचा तो पुढं जाणारा माणूस फारच तत्पर आहे हो.”

ड्रेसेलनी चमचा खाली ठेवला. “कोण माणूस?”

“लाल जॅकेटवाला. दुर्बिणीतून रोज बघते मी त्याला. चेहरा नाही दिसत, तो हात डोक्यावर ठेवतो ना, बाही आड येते. आणि बाई गं, कायम निथळत असतो. कधी कोरडा म्हणून दिसला नाही.”

फ्राउ ड्रेसेल नवऱ्याकडं बघायला लागल्या. ऑर्व्हिलनं ती नजर ओळखली. काउंटरपलीकडून त्यानं ती हजारदा पाहिली होती: माल हातात आहे, आणि गिऱ्हाईक दाराकडं बघतंय.

“तो होय,” तो हसून म्हणाला. “आमचाच आहे. पुढं जाऊन पाणी बघून ठेवतो. तुम्हाला आधीच सांगितलं असतं तर रानात एकटं असल्याची मजा गेली असती.”

“असं असं,” ड्रेसेल म्हणाले, आणि त्यांनी आणखी भात घेतला. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. भरवसा विकला गेला होता.

भांडी घासायला ब्रिन त्याच्या शेजारी येऊन बसली आणि पातेलं असं घासायला लागली जसं काही त्या पातेल्यानंच गुन्हा केलाय.

“तर माझ्यावर नजर ठेवायला माणूस ठेवलास.”

“ब्रिन, तसं नाही.”

“मला वाटलंच होतं. त्या तिसऱ्या वळणावर वल्हं उभं धरून तोच उभा होता. मी म्हटलं, बाबा तर पुढं गेलाय, हा कोण? कोण आहे? आपला जुना नावाडी, कॉर्बी आहे ना? कॉर्बीच उभा राहतो तसा, खांदा पाडून.”

“तुला त्यानं ‘या’ म्हणून सांगितलं? वल्ह्यानं?”

“आणि बरोबर सांगितलं. सुरेख गेले मी.” तिनं मूठभर वाळू पातेल्यात टाकली. “हे बघ, राग आलाय मला. पण खरं सांगू? तो दिसला की बरं वाटतं.”

ऑर्व्हिलनं पातेलं तिच्या हातातून घेतलं आणि पाण्यात बुडवलं. आत्ता सांगावं, असं त्याच्या ओठांवर आलं होतं. पण काय सांगणार? की मी कुणालाही ठेवलेलं नाही? पुढं ‘गळा’ होता, नदीतली सगळ्यात अरुंद जागा, दोन कड्यांच्या मधली. तिथं वल्हं धरणाऱ्या हाताला शंकेचा स्पर्श झाला तर हात चुकतो. गळा ओलांडू दे, मग सांगू, त्यानं ठरवलं. आज नको, उद्या सांगू, असं म्हणणाऱ्या दुकानदाराचा माल सडतो हे तो इतरांना सांगत आला होता.

४

दुसऱ्या दिवशी त्यानं उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं. ओळख दाखवली नाही की आगंतुक निघून जातो, हा दुकानातला अनुभव.

वळणावर तो उभा होताच. दोन थापट्या. ऑर्व्हिल पाण्याकडं बघत वल्हवत राहिला. पुढच्या वळणावर पुन्हा. यानं पुन्हा मान खाली. त्याच्या पुढच्या वळणावर पलीकडचा काठ रिकामा होता, आणि ऑर्व्हिलला इतकं हलकं वाटलं की तो चक्क शीळ घालायला लागला.

जेवायला ते एका गोट्यांच्या पट्ट्यावर थांबले. ऊन स्वच्छ होतं. ब्रिन चीज कापत होती. आणि ऑर्व्हिलला आवाज आला. गोट्यांवरून चालणाऱ्या बुटांचा, ज्या बुटांत पाणी आहे अशा बुटांचा. घाई नाही, थांबणं नाही. आवाज वरच्या अंगानं येत होता. या काठानं.

मिस पॅजेटनी दुर्बीण लावली. “अरे वा, तुमचा माणूस आज इकडून येतोय. जेवायलाच येत असेल बिचारा. आणखी एक ताटली काढू का?”

झुडपांमधून लाल रंगाचा तुकडा दिसला, गेला, पुन्हा दिसला, अधिक जवळ. तो माणूस चालत होता तसं चालायला ऑर्व्हिलनं स्वतःच्या नावाड्यांना शिकवलं होतं: काठ सोडायचा नाही, नजर समोर, पोचेपर्यंत थांबायचं नाही. आणि तेव्हा त्याच्या ध्यानात आलं. त्यानं उत्तर दिलं नव्हतं. उत्तर आलं नाही, तर चालत जायचं.

तो ताडकन उठला आणि त्यानं डोक्यावर दोन थापट्या मारल्या. अशा मारल्या की टोपी डोळ्यांवर आली.

पावलं थांबली.

“काय झालं?” ब्रिननं विचारलं.

“काही नाही. डास.”

“डासाला एकच पुरते, बाबा. तूच तर सांगतोस.”

मिस पॅजेट ताटली हातात घेऊन झुडपांकडं बघत राहिल्या. “गेला वाटतं. लाजाळू आहे.”

संध्याकाळी तो पुन्हा पलीकडच्या काठावर होता. मधलं पाणी बर्फाचं होतं, आणि त्याची ओढ अशी की तगडा घोडासुद्धा पार होऊ नये. ऑर्व्हिलनं त्यावर विचार करायचा नाही असं ठरवलं. हात वर केला, दोन थापट्या मारल्या. ठीक. सगळं ठीक.

५

गळ्याच्या वर उजव्या काठाला वाळू आहे. नियम असा, की पुढचा तराफा तिथून एकटा सुटतो. नदीच्या मधोमध घराएवढा खडक आहे, त्याच्या डाव्या अंगानं जायचं, खाली डाव्या काठाच्या निवांत पाण्यात शिरायचं, आणि तिथल्या सपाट खडकावर चढून मागच्याला खूण करायची. वाळूवरून तो सपाट खडक दिसतो. मधली धार मात्र दिसत नाही. म्हणूनच खूण.

उजव्या काठानं एक पायवाटही आहे, कड्यावरून वळसा घालून खाली उतरणारी. ऐनवेळी पाहुण्यांना चालवत न्यायला. ती आजवर फारशी लागली नव्हती.

“खूण मिळाल्याशिवाय दोर सोडायचा नाही,” ऑर्व्हिल म्हणाला.

“माहीत आहे.”

“आणि उत्तर आलं नाही तर?”

“बोट बांधायची, चालत जायचं, हात लावायचा. बाबा, हे मी बाराखडीच्या आधी शिकले.” ती हसली, आणि त्याच्या जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून आवळला, तो लहानपणी तिचा आवळायचा तसा. “जा. आणि खाली गेल्यावर तुझ्या माणसाला माझा नमस्कार सांग.”

त्याच क्षणी सांगायला हवं होतं. पण ड्रेसेल फोटो काढत होते, फ्राउ ड्रेसेल देवाचं नाव घेत होत्या, आणि ब्रिनचे हात स्थिर होते. त्या स्थिर हातांकडं बघून त्यानं दोर सोडला.

६

खडकाच्या अलीकडं त्याला झाड दिसलं. वसंतातल्या पुरानं एक भलाथोरला स्प्रूस कड्यावरून ओढून डाव्या धारेत आडवा टाकला होता, पाण्याच्या वर हातभर, फांद्या खाली पाण्यात. पाणी त्यातून गाळल्यासारखं जात होतं. माणूस गेला नसता. वरून बघणाऱ्याला त्यातलं काडीचंही दिसत नव्हतं.

त्यानं सगळी ताकद लावून तराफा उजवीकडं ओढला. उजवी धार म्हणजे धार नव्हेच, खडकांची चक्की. तराफा उभा राहिला. एक वल्हं काडीसारखं मोडलं, दुसरं हातातून गेलं, आणि तो पाण्यात पडला. नंतर फक्त थंडी आणि आवाज. कुठलासा दगड त्याच्या डाव्या खांद्यावर आदळला, आत काहीतरी जागचं सुटलं, आणि पाण्यानं त्याला उजव्या काठावर, कड्याच्या सावलीत, नको असलेल्या सामानासारखं ठेवून दिलं.

तो एका खडकावर चढून बसला. डावा हात मांडीवर पडून होता, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

वर, वाळूवर, ब्रिन उभी होती. इथून ती बोटाएवढी दिसत होती. पण ती त्याच्याकडं बघत नव्हती. ती समोर, डाव्या काठावरच्या सपाट खडकाकडं बघत होती.

तिथं तो उभा होता. लाल जॅकेट, पडलेला खांदा. हातात वल्हं होतं. त्यानं ते सावकाश उभं धरलं.

या.

ऑर्व्हिल ओरडला. स्वतःचा आवाज त्याला स्वतःलाही ऐकू आला नाही. शिट्टी छातीवर होती, तो फुंकत राहिला. ब्रिन दोराकडं वळली.

मग फ्राउ ड्रेसेलनी हात लांब करून काहीतरी दाखवलं, आणि ब्रिननं मान वळवली. सावलीत बसलेला तो तिला दिसला. तिनं सपाट खडकाकडं बघितलं, पुन्हा याच्याकडं बघितलं. एका काठावर एक, दुसऱ्या काठावर दुसरा. त्यातला एक बापाचा माणूस, हे तिला माहीत होतं. बापानंच सांगितलं होतं.

‘थांब’ म्हणायला दोन हात लागतात. त्याच्यापाशी एक होता. एक हात वर केला, तर त्याचा अर्थ ‘या’. हलवला, तर ‘बोट घेऊन धावा’. डोक्यावर मारला, तर ‘ठीक’. उभ्या आयुष्यात त्यानं खुणांचा हा हिशेब बसवला होता, तपासला होता, दुसऱ्यांना पाठ करायला लावला होता, आणि ‘तो मी नव्हे, त्याचं ऐकू नको’ याची खूण त्यात नव्हती. वाटेनं वर धावावं तर कड्याचा वळसा. तो नजरेआड होणार, आणि तिला दिसायला सपाट खडकावरचा तेवढा उरणार.

ब्रिननं हात उचलला. डोक्यावर दोन थापट्या. ठीक?

सपाट खडकावरून लगेच उत्तर आलं. दोन थापट्या, हात डोक्यावर.

ऑर्व्हिलचा उजवा हात छातीपर्यंत गेला होता. त्यानं तो तिथंच अडवला.

कारण एक खूण उरली होती. उत्तर न देणं. उत्तर आलं नाही तर ती दोर सोडणार नाही, ती चालत येईल. हे तिला बाराखडीच्या आधी येत होतं.

आणि आणखी कोण चालत येईल, तेही त्याला माहीत होतं.

त्यानं हात गुडघ्यावर ठेवला.

ब्रिननं पुन्हा थापट्या मारल्या, या वेळी जोरात. तो बसून राहिला. सगळं अंग त्या एका हातापाशी गोळा झालं होतं. मुलगी विचारते आहे आणि बाप दगडासारखा बसला आहे, हे तिला कसं दिसत असेल? त्यानं डोळे मिटले नाहीत. मिटले असते तर तिला भलतंच वाटलं असतं.

मग सपाट खडकावरचा माणूस ब्रिनकडून वळला. नदीपलीकडूनच त्यानं सरळ ऑर्व्हिलकडं तोंड केलं आणि दोन थापट्या मारल्या. ठीक?

ऑर्व्हिलनं त्यालाही उत्तर दिलं नाही.

ब्रिन वाकली, दोराला हात घातला. तिनं तो सोडला नाही. दोनदा गुंडाळून घट्ट बांधला, पाहुण्यांना हातानं बसायला सांगितलं, आणि ती पायवाटेच्या झुडपांत शिरली. ऑर्व्हिलच्या घशातून जो आवाज निघाला त्याला हसू म्हणावं की काय, कोण जाणे.

त्यानं पलीकडं बघितलं. सपाट खडक रिकामा होता. नुसता ओला होता.

७

आता बसून राहायचं होतं. ऑर्व्हिलनं पायवाटेवर नजर लावली. कड्याच्या अर्ध्यावर ती एका मोकळ्या कोपऱ्यावर येते. तिथून हा खडक समोर दिसतो, पण तिथून मारलेली हाक पाणी खाऊन टाकतं. ब्रिन आधी तिथं दिसेल. मग खाली यायला तिला थोडा वेळ लागेल. तोवर काहीही होवो. ती पाण्यात नव्हती. बाकीचं सोसण्यासारखं होतं.

पाण्याचा आवाज एकसारखा होता, भिंतीसारखा. त्या भिंतीतून दुसरा आवाज ऐकू येणं शक्य नव्हतं. तरी त्याला ऐकू आला. गोट्यांवर बूट. बुटांत पाणी. मागून, खालच्या अंगानं, जिथून कुणी येऊ शकत नव्हतं तिथून.

‘वारा असेल’ असं म्हणावं म्हणून त्यानं वारा शोधला. ‘घोरल्यासारखा पाण्याचाच आवाज’ असं म्हणून बघितलं. खांदा निखळलेल्या माणसाला भास होतात, हेही त्यानं स्वतःला ऐकवलं, अगदी दुकानातल्या आवाजात, समजुतीनं. पावलं त्या समजुतीला न अडखळता जवळ येत राहिली.

मग ती थांबली. त्याच्या पाठीशी.

‘पाठीमागं बघितलं नाही तर पाठीमागं कुणी नाही.’ हा विचार लहान मुलाचा होता, पण होता तो एवढाच. त्यानं नजर पायवाटेवर खिळवली. त्याच्या कपाळावर थेंब पडला. दुसरा नाकाच्या शेंड्यावर. ते पाणी नदीच्या पाण्यापेक्षा थंड होतं.

डोळ्यांच्या वरच्या कडेला त्याला बाहीचं टोक दिसलं. लाल होतं कधीकाळी. त्यावरचा शिवणीचा टाका त्याच्या ओळखीचा होता. सगळ्या जॅकेटांना तो त्यानं स्वतः घातला होता. बाहीतून बाहेर आलेल्या हाताकडं त्यानं पाहिलं नाही. पाहिलं तेवढं पुरे होतं.

त्याच्या डोक्यावर हात पडला. हलकेच. एक थापटी. दुसरी थापटी.

आणि तो हात तिथंच राहिला.

हात लावल्याशिवाय काही खरं धरायचं नाही. नियम पुरा झाला होता.

त्याच वेळी कड्याच्या मोकळ्या कोपऱ्यावर ब्रिन आली. धावत आली होती. एक हात छातीवर ठेवून ती दम घेत होती. तिनं खाली बघितलं. कड्याच्या काळ्या सावलीत तिला खडकावर बसलेला बाप दिसला, आणि बापाच्या डोक्यावर ठेवलेला हात.

इतक्या लांबूनही तिचे खांदे सैल पडलेले त्याला दिसले.

तिनं स्वतःच्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या आणि हात तिथंच ठेवला. ठीक. मग ती वळली, आणि वाळूकडं, बांधलेल्या तराफ्याकडं, थांबलेल्या पाहुण्यांकडं परत निघाली. चालत नव्हती, उड्या मारत चालली होती. उत्तर मिळालं की चालत यायचं कारण उरत नाही.

ऑर्व्हिलनं तोंड उघडलं. पाणी गरजत होतं.

त्याचा एक हात मांडीवर पडलेला होता. दुसरा गुडघ्यावर होता.